पुनव सुट्टीत बसवताना

आमच्या घरात ईस्टरची चौकशी सगळ्यात आधी कोण करत असेल, तर कोल्हापूरजवळच्या गावात राहणारे माझे आबा. वय अठ्ठ्याहत्तर. चर्चमध्ये आयुष्यात कधी पाऊल टाकलेलं नाही. पण गणपती बसायच्या सुमाराला फोनवर हमखास प्रश्न येतो, "औंदा तुमचा ईस्टर कवा हाय रं?"

आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगजवळ राहतो. मी, बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. बायको एका प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिकेची मदतनीस आहे. म्हणजे मुलांना सुट्टी असेल तेव्हाच तिला सुट्टी, मध्ये एक दिवससुद्धा मागायची सोय नाही. उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांत भारतात जायचं तर गावाकडे धो धो पाऊस, रानात चिखल आणि तिकिटांचे भाव आभाळाला टेकलेले. नाताळात दोनच आठवडे, भाव तेच. राहतो तो ईस्टर. एप्रिल महिना, आंबे, कडक ऊन, आणि मुख्य म्हणजे चैत्र पौर्णिमा. त्या दिवशी वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर ज्योतिबाची यात्रा भरते. ज्योतिबा आमचं कुलदैवत. गावची सासनकाठी, म्हणजे देवाची उंच निशाणकाठी, डोंगराला जाते, आणि आबांच्या हिशेबात वर्षातून एकदा घर भरायचं असेल तर ते या पुनवेलाच.

२०२४ साली मी घोटाळा केला. ईस्टर एप्रिलच्या आसपास असतो, जत्राही एप्रिलच्या आसपास असते, म्हणून पंचांग न बघताच तिकिटं काढली. त्या वर्षी ईस्टर होता ३१ मार्चला. शाळेची सुट्टी २९ मार्च ते १२ एप्रिल. तिकिटं हातात आल्यावर मोठ्या ऐटीत आबांना फोन केला. ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "आरं, पुनव तेवीस तारखंला हाय."

तेवीस एप्रिल. शाळा पंधराला सुरू होणार.

तरी मी मुलाच्या शाळेला एक मेल टाकून पाहिला. आठ-नऊ दिवस जादा मिळतील का, घरचा धार्मिक उत्सव आहे. मुख्याध्यापिकेचं उत्तर फार सभ्य होतं. प्रत्यक्ष उत्सवाच्या दिवसाची रजा मंजूर करता येईल, प्रवासाच्या दिवसांची नाही. म्हणजे एक दिवस मंजूर! सकाळी रेडिंगहून निघून ज्योतिबाच्या पायऱ्या चढायच्या आणि संध्याकाळी गृहपाठाला परत. बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मुख्याध्यापिकेचाही इलाज नव्हता. इंग्लंडमध्ये २०१३ पर्यंत मुख्याध्यापक आपल्या अखत्यारीत विशेष कारणासाठी दहा दिवसांपर्यंत सुट्टी देऊ शकत. तो नियम काढून टाकला गेला, आता अपवादात्मक परिस्थितीच लागते.

तेव्हा २०२४ ला आम्हाला पाडवा मिळाला, पुनव नाही. आबांनी काही बोलून दाखवलं नाही. निघताना फक्त मुलाच्या कपाळाला आधीच आणून ठेवलेला गुलाल लावला. माझ्या जिव्हारी लागलं ते तेवढंच.

आमचा नियम एक वर्षाआड भारत असा आहे. खिशाने घालून दिलेला नियम आहे तो. पण परतीच्या विमानात बसल्या बसल्या आम्ही दोघांनी ठरवलं, २०२५ लाही जायचं आणि पुनव गाठायचीच. त्या वर्षीची स्पेनची सहल रद्द. मुलीचं तोंड आठवडाभर फुगलेलं होतं.

या खेपेला सुरुवात पंचांगापासून केली. २०२५ चा ईस्टर २० एप्रिल. चैत्र पौर्णिमा १२ एप्रिल. आमच्या शाळांची सुट्टी ७ ते २१ एप्रिल. व्यवस्थित बसत होतं. आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बसणारच की. पण मागल्या साली का बसलं न्हाई ते सांग."

मला काय माहीत. मग त्यांनी विचारलं की ईस्टर कसा ठरवतात. मी शोधून सांगितलं: २१ मार्च किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार. पलीकडे शांतता, मग कालनिर्णयची पानं उलटल्याचा आवाज. आबा उठले की कालनिर्णय खिळ्यावरून काढतात आणि जुनी कालनिर्णयं कपाटातून. दहा-बारा वर्षांची जपून ठेवली आहेत, पाठीमागे दुधाचा हिशेब असतो. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला.

"मागल्या साली तुमच्या पाद्र्यांनी शिमग्याची पुनव धरली. आपुन चैताची धरतो. म्हणून चुकलं."

खरंच तसं होतं. २०२४ ला २५ मार्चची पौर्णिमा ही फाल्गुनातली, होळीची. ती २१ मार्चच्या पुढे पडली, म्हणून ईस्टरने तीच पकडली. चैत्राची पौर्णिमा महिनाभराने आली. एरवी मात्र ईस्टरची पौर्णिमा आणि आपली हनुमान जयंती एकच. २०१८, २०१९, २०२०, २०२२, २०२३, सगळ्या वर्षी जुळलेलं. २०१९ ला तर हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी, १९ एप्रिलला. चुकलं ते २०२१ आणि २०२४ ला. आणि आबांनी लगेच बोट ठेवलं: २०२० ला अधिक आश्विन होता, २०२३ ला अधिक श्रावण. अधिक महिना येऊन गेला की पुढच्या वर्षीचा चैत्र उशिरा सरकतो. तिकडे ईस्टरला २१ मार्चची खुंटी मारलेली आहे, तो त्याच्या मागे जात नाही.

आठ वर्षं मी या देशात ईस्टरच्या सुट्ट्या काढतोय, शाळेचं वेळापत्रक फ्रिजवर लावतोय, दर वर्षी तारखा इकडच्या तिकडे गेल्या की चरफडतोय. आणि हे कोडं सोडवलं कुणी, तर दुधाच्या हिशेबाच्या कागदांवरून आबांनी.

ब्रिटिशांनाही या सरकत्या तारखेचा कंटाळा आला होता. १९२८ साली त्यांनी चक्क कायदा केला, की ईस्टर एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी धरावा. कायदा झाला, पण अमलात कधीच आला नाही. अजून तसाच पडून आहे. हे मी माझ्या भावाला सांगितलं. तो बँकेत आहे. म्हणाला, "दुसरा शनिवार? म्हणजे आम्हाला सलग सुट्टी! कुणी थांबवलं रे त्यांना?" माझ्या दृष्टीने मात्र तो कायदा अमलात आला नाही हेच बरं झालं. ईस्टर एका जागी ठोकला असता, तर पुनवेशी असलेला त्याचा दोरा तुटला असता.

असो. चंद्राचं काम आबांनी केलं, बाकीचं माझ्यावर आलं.

पहिला बेत असा होता की सगळ्यांनी मिळून जायचं: आम्ही चौघं आणि मिडलँड्समध्ये राहणारी माझी चुलतबहीण, तिचा नवरा, मुलगा. तो बेत एका फोनमध्ये कोसळला. तिच्या काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, शाळांची सुट्टी १४ एप्रिलला सुरू होत होती. आमची ७ ला. इंग्लंडमध्ये सगळ्या शाळांना एकच सुट्टी असते हा भारतातल्या नातेवाइकांचा समज कितीही वेळा सांगून जात नाही. इथे तारखा काउन्सिल ठरवतं, आणि बऱ्याच शाळा, उदाहरणार्थ अकॅडमी प्रकारच्या, आपापल्या ठरवतात. शिवाय शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे वर्षाला पाच दिवस असतात, ते प्रत्येक शाळा हवे तिथे चिकटवते. ताई शुक्रवारी ११ तारखेला शाळा सुटल्यावर निघाली असती तरी बाराला दुपारी मुंबईत, आणि तोवर डोंगरावरची पालखी निघालेली. ती म्हणाली, "दंड भरते आणि येते."

दंडाचं गणित आमच्या मराठी मंडळींत दर वर्षी होतं, आणि २०२४ च्या ऑगस्टपासून ते आणखी गरम झालंय. तेव्हापासून अख्ख्या इंग्लंडला एकच नियम आहे. दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी बुडाले की दंडाचा विचार करायचा. दंड प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड, तेही २१ दिवसांत भरला तर. त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६०. आधी तो ६० होता. तीन वर्षांत दुसऱ्यांदा सापडलात तर थेट १६०, आणि तिसऱ्यांदा दंडावर भागत नाही, प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. आईल ऑफ वाइटच्या एका बापाने मुलीला सत्राच्या मध्ये अमेरिकेला नेलं आणि १२० पौंडांच्या दंडावरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला. २०१७ साली तो तिथे हरला.

आमच्यासारख्या दोन मुलांच्या घराला दंड होतो ३२० पौंड. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात निघालं तर तिकिटांत त्याहून जास्त वाचतात. म्हणून लोक उघड बोलतात, दंड हा तिकिटाचाच एक भाग समजायचा. माझाही एकदा मोह झाला होता. बायकोने एवढंच विचारलं, "मी ज्या शाळेत रोज हजेरी घेते, तिथे मुलांच्या आया मला विचारतील, तेव्हा काय सांगू?" विषय संपला. ताईनेही शेवटी दंड भरला नाही. तिच्या नवऱ्याची रजाच मंजूर झाली नाही.

रजेवरून आठवलं. आमच्या टीममध्ये दर वर्षी ईस्टरच्या दोन आठवड्यांसाठी मुलंबाळं असलेल्यांची रस्सीखेच असते. एक रुमानियन सहकारी नेहमी माझ्या मदतीला येतो, कारण त्यांचा ऑर्थोडॉक्स ईस्टर बहुधा वेगळ्या तारखेला असतो. २०२४ ला तो ५ मे रोजी होता. तो माझं काम एप्रिलमध्ये सांभाळतो, मी त्याचं मेमध्ये. २०२४ च्या सप्टेंबरात मी नेहमीच्या भरवशावर त्याच्याकडे गेलो तर तो हात जोडून हसला. २०२५ ला दोन्ही ईस्टर एकाच दिवशी आले होते, २० एप्रिलला. मग आम्ही दोघांनी बसून वाटणी केली. त्याला पुढचा आठवडा हवा होता, मला मागचा. मी ८ तारखेपासून १७ पर्यंत रजा टाकली. शनिवार-रविवार वजा जाता आठच दिवस, कारण १८ चा गुड फ्रायडे आणि २१ चा ईस्टर मंडे या इथल्या हक्काच्या सुट्ट्या. मी नसताना त्याने ओढायचं, त्याच्या आठवड्यात मी परत आलेला असेन.

भावाच्या रजेचं तर सोनंच झालं. १० एप्रिल महावीर जयंती, १२ दुसरा शनिवार, १३ रविवार, १४ आंबेडकर जयंती, १८ गुड फ्रायडे. त्याने दोन दिवस टाकले आणि सलग सहा दिवस मोकळे केले. फक्त त्याच्या मुलांचं जमत नव्हतं. वहिनींचा फोन आला, "भावजी, यंदा पोरांची परीक्षा पंचवीस एप्रिलपर्यंत लांबवलीय. तुम्ही येणार आणि ही बसणार पुस्तक घेऊन." तिकडच्या आणि इकडच्या मुलांची सुट्टी एका वेळी येणं हा योग मी अजून पाहिलेला नाही. मे महिन्यात ते मोकळे, तर आमची शाळा चालू. ऑगस्टमध्ये आम्ही मोकळे, तर त्यांची चाचणी परीक्षा.

तिकिटं. यावर मी सहा आठवडे घालवले आणि त्यातले पाच फुकट गेले. रोज रात्री जेवल्यावर भाव बघायचे, बायकोला ओरडून सांगायचे, तिने "मग काढ" म्हणायचं, मी "उद्या उतरतील" म्हणायचं. शुक्रवारी ४ एप्रिलच्या रात्रीचं थेट मुंबईचं तिकीट माणशी ७६० पौंडांच्या घरात होतं. शाळा सुटते त्याच संध्याकाळी अख्ख्या इंग्लंडला विमानतळ गाठायचा असतो. मंगळवार ८ एप्रिलचं त्याच विमानाचं ५९०. परतीला ईस्टरचा रविवार आणि सोमवार महाग, आदल्या शनिवारचं बऱ्यापैकी स्वस्त. हे कळायला खरं तर एक संध्याकाळ पुरली असती. जत्रा बाराला असल्याने आठला निघून चालत होतं, शनिवारी १९ ला परतलं तर रविवार-सोमवार झोप काढायला मिळत होते. ऑक्टोबरच्या शेवटी एकदाची काढली. एक गोष्ट मात्र तिथे पहिल्यांदा कळली. इथून निघणाऱ्या विमानांवर जो प्रवासी कर असतो तो साध्या वर्गात सोळा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. मोठ्यांना मुंबईच्या अंतरासाठी तो ८८ पौंड होता, १ एप्रिल २०२५ पासून ९० झाला. काही वेळा मधल्या दलालांच्या हिशेबात हे नीट दिसत नाही, म्हणून मुलांच्या तिकिटाची फोड उघडून बघावी.

तिकिटं काढली आणि मी निवांत झालो. जानेवारीत मुलीने सहज विचारलं, "बाबा, ह्याचा पासपोर्ट कधी संपतो?" फेब्रुवारीत. इथे मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि हे मी दर पाच वर्षांनी विसरतो. ऑनलाइन अर्ज, तेव्हा साडेसत्तावन्न पौंड. फोटोत चिरंजीव हसले म्हणून फोटो नाकारला गेला. दुसऱ्यात डोळे मिटले. तिसरा बायकोने काढला. तीन आठवड्यांच्या आत पासपोर्ट आला.

पण आपली पंचाईत तिथे संपत नाही. मुलांकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड. पूर्वी वीस वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट बदलला की कार्डच नवं काढावं लागायचं. २०२१ पासून ते गेलं. आता नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो ऑनलाइन चढवायचा, फी नाही. ऐकायला सोपं. चौकोनी फोटो, ठरावीक आकार, सही नीट ठरावीक प्रमाणात कापलेली. नऊ वर्षांच्या पोराची सही! त्याने आपलं नाव एवढं मोठं लिहिलं की चौकटीत मावेना. दोन रात्री गेल्या. नोंद मंजूर झाल्याचा मेल मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला, तो मी छापून जुन्या-नव्या दोन्ही पासपोर्टांसोबत पिशवीत घातला. मुंबईत अधिकाऱ्याने तो कागद बघितलाही नाही. तरी पुढच्या वेळी मी छापीनच.

आता राहिली गाडी. मुंबईहून कोल्हापूरला महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचं हे आमच्या घरात ठरलेलं आहे. रात्री सीएसएमटीला बसायचं, सकाळी कोल्हापूर. मुलांना विमानापेक्षा तिचं अप्रूप जास्त. पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे ९ एप्रिलच्या गाडीसाठी ८ फेब्रुवारीला सकाळी आठ वाजता. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच. तिकीट भावाच्या खात्यातून निघणार होतं, माझं जागणं काहीच उपयोगाचं नव्हतं. तरी गजर लावून उठलो. दुसरा शनिवार असल्याने भाऊ घरी होता. व्हिडिओ कॉलवर त्याने फोन स्टुलावर टेकवून ठेवला. मला दिसत होती त्याची हनुवटी, आणि मागे अंघोळ करून आलेले आबा.

"आठ वाजलं का?"

"अजून एक मिनिट आहे आबा."

"मग ते चाक कशापायी फिरतंय?"

आठ वाजून चार मिनिटांनी थ्री एसीची चार तिकिटं हाती आली. तीन शेजारी, एक साइड अप्पर. दहा मिनिटांनी भावाने गंमत म्हणून पुन्हा पाहिलं तर वेटिंग लागलेलं. जत्रेच्या आठवड्यात कोल्हापूरची गाडी आहे ती. परतीसाठी १६ फेब्रुवारीला पुन्हा तोच प्रकार, १७ च्या गाडीसाठी. १८ च्या रात्री निघून १९ ला विमान पकडता आलं असतं, कागदावर तरी. पण गाडी तीन तास उशिरा आली तर चौघांची तिकिटं पाण्यात. मध्ये एक दिवस डोंबिवलीच्या मावशीकडे ठेवला. मावशीला आनंद, मला झोप. भाऊ म्हणाला, मग मीही येतो सोडायला, गुड फ्रायडे आहेच.

सगळं जुळलं असं वाटत होतं. २१ मार्चला, शुक्रवारी पहाटे, ऑफिसच्या आधी फोन बघितला तर हीथ्रो बंद. आदल्या रात्री हेझजवळच्या विजेच्या उपकेंद्राला आग लागली आणि दिवसभर अख्खा विमानतळ ठप्प. तेराशेच्या आसपास उड्डाणांना फटका बसला. आमच्या निघण्याला अठरा दिवस होते, तसा आमचा काही संबंध नव्हता. पण मी दिवसभर बातम्या उघडून बसलो. सातआठ महिने पंचांगं, काउन्सिलं, बँकेच्या सुट्ट्या, चंद्र आणि रेल्वे एका ओळीत आणायच्या, आणि एक रोहित्र जळालं की खेळ खलास. आबांनी टीव्हीवर पाहिलं असावं. त्यांचा संध्याकाळी फोन आला आणि ते हीथ्रोबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बैलाला काय झालं, विहिरीला पाणी किती आहे, हेच. ठेवताना म्हणाले, "द्येव बगंल."

मंगळवारी आठ तारखेला रेडिंग स्टेशनवरून बसने हीथ्रोला गेलो आणि काहीही विघ्न न येता दहाला सकाळी कोल्हापुरात उतरलो. याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की साइड अप्परवर मीच झोपलो.

बाराच्या पहाटे तीनला निघालो. गाडी खाली लावली, पुढे पायी. मुलगी आधी मोबाइल काढून चालत होती. उजाडल्यावर एक सासनकाठी अगदी अंगावरून गेली तेव्हा तिने तो खिशात घातला. तीस-पस्तीस फुटांचा बांबू, त्याला कापड गुंडाळलेलं, वर निशाण, चारी बाजूंनी दोर धरलेली माणसं आणि मधोमध ती काठी कमरेवर पेलून नाचवणारा एकटा. गुलाल आणि खोबऱ्याची उधळण. "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!" पोरगा आधी माझ्या मागे लपला, मग त्याला कळलं की इथे एकमेकांवर रंग फेकणं हे काम आहे आणि कुणी ओरडत नाही. पाच मिनिटांत तो ओळखू येईना. आबांना डोंगर चढवत नव्हता. त्यांना भावाने आणि मी जागोजागी बसवत नेलं. दवणा हातात धरून ते एका पायरीवर बसले आणि आमच्या गावची काठी आली तेव्हा उठून उभे राहिले. मी त्यांचा हात धरायला गेलो, तर त्यांनी तो सोडवून घेतला.

परतीच्या सामानात वहिनींनी वाडीचे पेढे घातले होते. भारतातून दुधाचे पदार्थ इंग्लंडमध्ये नेता येत नाहीत, हे त्यांना दर वेळी सांगतो, दर वेळी त्या घालतात. ते डोंबिवलीत मावशीकडे उतरवले. मावशीला हे बहुतेक ठाऊकच असतं. मुलाच्या कानामागचा गुलाल मात्र बावीस तारखेला शाळेत गेला. दोन अंघोळींनी निघाला नाही.

आता २०२६ ला पुनव २ एप्रिलला आहे, ईस्टर ५ ला. बरोब्बर सुट्टीत. पण सलग तिसरं वर्ष झेपणार नाही, घराच्या कर्जाचा हप्ता वाढलाय. नियमाप्रमाणे आमची पाळी २०२७ ला. मी गणपतीत आबांना तसं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "सव्वीसला अधिक ज्येष्ठ हाय, ठावं हाय न्हवं?"

मी फोनवर बघितलं. २०२७ चा ईस्टर २८ मार्च. चैत्र पौर्णिमा २० एप्रिल. पुन्हा शिमग्याची पुनव.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे भावाची टीव्ही चालू होती. मग म्हणाले, "ते ऐंशी पौंड म्हंजे आपलं किती रुपयं झालं?"

फोन स्पीकरवर होता. बायको कणीक मळत होती. तिने मळणं थांबवलं नाही, पण आकडा तिनेच सांगितला.